चौथ्या दिवसाचा आकडा

सेफ्टी पिन शोधायला हर्षालीनं आईचं कपाट उघडलं आणि दाराच्या आतल्या बाजूला, खिळ्याला, ती माळ लटकलेली तिला दिसली. आई न्हाणीघरात होती. बादलीत पाणी पडल्याचा आवाज येत होता. गंगापूर रोडच्या बसला दहा मिनिटं होती. बोटाच्या पेराएवढ्या काड्या, लाल दोऱ्यात एकेक गाठ मारून अडकवलेल्या. तिनं ही माळ एकदाच पाहिली होती, दोन वर्षांपूर्वी, पळसाच्या पानात गुंडाळलेली, तेव्हा काड्या हिरव्या होत्या आणि त्यांना ओल्या चाऱ्याचा वास होता. आता त्या सुतळीच्या रंगाच्या झाल्या होत्या आणि गाठींमध्ये डुगडुगत होत्या. शेजारी दाराच्या प्लायवूडवर पेन्सिलच्या आठ आडव्या रेघा होत्या, एकाखाली एक. त्या कशाच्या ते तिला कळलं नाही. तिला एवढंच कळलं की आईनं माळ टाकून दिलेली नाही. रोज सकाळी साडी काढताना ती आईच्या डोळ्यांसमोर येत असणार. म्हणजे रोज सकाळी आईला आठवत असणार, आपल्या मुलीनं आपल्याला दारात अडवलं होतं. न्हाणीघरातला आवाज थांबला. हर्षालीनं कपाट लावलं आणि पिन न घेताच, ओढणी हातात गोळा करून, ती जिना उतरली.

बसमध्ये तिला खिडकी मिळाली, पण बाहेरचं काही दिसत नव्हतं. कावीळ झालेल्या माणसाच्या डोक्यावर ती माळ ठेवतात. सुरुवातीला ती एवढी लहान असते की टोपीसारखी डोक्यावरच बसते. मग रोज थोडी थोडी लांबते, कपाळावरून गळ्यात येते, गळ्यातून छातीवर, छातीवरून बेंबीपर्यंत. माळ उतरली की कावीळ उतरली. भाऊ, अमोल, अपघातानंतर आयसीयूत होता; त्याच्या पाचव्या दिवशी आई पहाटे उठून, कुणाला न सांगता, जीपनं पेठकडच्या एका पाड्यावर गेली होती, रंगूबाई नावाच्या म्हातारीकडे, आणि दुपारी ते पान छातीशी धरून आयसीयूच्या दारात आली होती. तिच्या चपलांना लाल माती होती. हर्षाली तेव्हा बीएस्सी होऊन एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला होती, जीवरसायनशास्त्र. ती रागावली नव्हती, हे तिला नीट आठवत होतं. ती अगदी शांतपणे, वर्गात समजावून सांगावं तशी म्हणाली होती, "आई, ओल्या काड्या सुकल्या की आकसतात. गाठी सैल होतात, दोरा सुटतो. माळ लांबते ती त्यामुळे. भिंतीवर टांगलीस तरी लांबेल. तिचा काविळीशी काही संबंध नाही." आई पानाकडे बघत राहिली होती. मग तिनं विचारलं होतं, "आज किती?" आणि हर्षालीनं अभिमानानं सांगितलं होतं, "तीनशे तीस."

तो आकडा एसजीपीटीचा होता. यकृताच्या पेशी फुटल्या की त्यांच्यातलं हे द्रव्य रक्तात सांडतं. जितक्या जास्त फुटतात तितका आकडा मोठा. अमोलचा पिकअप राहुड घाटात उलटला, तेव्हा त्याच्या मांडीचं हाड मोडलं आणि प्लीहा फुटली. पिंपळगावला कांदा घेऊन चालला होता. रस्त्यावर, गाडीत, मग ऑपरेशनच्या टेबलावर त्याचं एवढं रक्त गेलं की डॉक्टर म्हणाले, हा आला तेव्हा जवळजवळ रिकामा होता. चांदवडहून दोन जीपा भरून त्याचे मित्र आले आणि रक्तपेढीच्या बाकावर बाह्या वर करून बसले. आठ बाटल्या चढल्या. आठवी चढली तेव्हा आईनं देवीला नारळ कबूल केला आणि वडील, नाना, पहिल्यांदा खाली जाऊन चहा प्यायले. सगळ्यांनाच वाटलं होतं, गेलेलं रक्त भरून आलं, म्हणजे संपलं. दुसऱ्या दिवशी त्याची श्वासाची नळी काढली, तो बोलायला लागला, आणि त्याच संध्याकाळी रिपोर्ट आला, तीन हजार आठशे साठ. घरात शिकलेली ती एकटीच. नानांनी कागद तिच्या हातात दिला. तिनं सांगितलं की यकृताला काही वेळ रक्त मिळालं नाही, त्यामुळे त्याला धक्का बसलाय, असं होतं, हळूहळू उतरेल. आणि खरंच उतरायला लागलं. तिसऱ्या दिवशी दोन हजार एकशे चाळीस. चौथ्या दिवशी नऊशे दहा. अमोलनं त्याला मार्क म्हणायला सुरुवात केली होती. ती आत गेली की उशीवरची मान किंचित वळवून विचारायचा, "काय शास्त्रज्ञबाई, आज मार्क किती?" तिनं नऊशे दहा सांगितल्यावर तो हसला होता, सुकलेल्या ओठांनी, हळू, टाके दुखू नयेत म्हणून. "बघ, पहिल्यांदाच मला मार्क कमी पडले आणि घरचे खूश आहेत." त्याच्या डोळ्यांचा पांढरा भाग तेव्हा पिवळा होता. तिनं पाहिलं होतं. त्याच रिपोर्टवर खालच्या ओळीत बिलिरुबिन होतं, काविळीचं माप. दोन, मग सहा, मग अकरा. तेही पाहिलं होतं. त्यासाठी तिच्याकडे कारण तयार होतं, की आठ माणसांचं रक्त चढलंय, त्यातल्या जुन्या पेशी फुटतात, म्हणून पिवळेपणा येतो, आणि तो सगळ्यात शेवटी उतरतो. ते कारण पुस्तकात होतंही. ती खोटं काही बोलली नव्हती.

कॉलेजच्या फाटकाशी उतरल्यावर तिच्या लक्षात आलं की ओढणी अजून मुठीतच आहे. प्राणिगृहाबाहेर तिनं चपला बदलल्या, एप्रन घातला. इथे भुश्श्याचा आणि फिनाइलचा वास यायचा आणि त्यात शिरलं की तिला बरं वाटायचं, याचीही तिला कधी कधी लाज वाटे. देवरे सरांच्या प्रकल्पात ती एक वर्षापासून होती. मुलाखतीत सरांनी विचारलं होतं, हाच विषय का, तेव्हा ती म्हणाली होती की सूज कशी सुरू होते यात मला रस आहे. काम असं होतं. उंदराला भूल द्यायची, पोटावर छेद घ्यायचा, मांडीतल्या धमनीतून हळूहळू रक्त काढायचं, रक्तदाब चाळीसवर आला की तिथेच दीड तास धरून ठेवायचा. मग काढलेलं रक्त आणि वर सलाईन परत द्यायचं. निम्म्या उंदरांना त्याबरोबर औषध, निम्म्यांना तेवढंच मीठपाणी. औषधानं यकृताची सूज रोखली जाते का, हा प्रश्न. पहिल्याच आठवड्यात तिला कळलं होतं ते तिनं आजवर कुणाला सांगितलेलं नव्हतं. रक्त जातं तेव्हा यकृत नुसतं उपाशी राहतं. खरी आग लागते ती रक्त परत येतं तेव्हा. तिथे पहाऱ्याला बसलेल्या पेशी एकदम बिथरतात, बाहेरून आणखी पेशी बोलावून घेतात, आणि जखम कुठे आहे हे न बघता हाताशी येईल ते तोडत सुटतात. रक्त नसतं चढवलं तर तो टेबलावरच गेला असता, हे तिला माहीत होतं. तरी आठवी बाटली संपताना नाना खाली जाऊन चहा प्यायले होते, आणि त्या चहाच्या वेळेलाच आत ते सुरू झालं असणार, हा हिशेब तिच्या डोक्यात बसला तो बसलाच. त्या दिवशी तिनं उंदराला रक्त परत देताना सिरिंज इतकी हळू दाबली होती की शेजारची मुलगी म्हणाली, अगं, दुपार होईल.

आज तिसऱ्या दिवसाचे नमुने होते, उंदीर मारून काढलेलं रक्त आणि यकृत. तिनं सोळा नळ्या यंत्रात फिरवून बाहेर काढल्या. खाली लाल गाळ, वर निवळ पाणी. चौदाव्या नळीपाशी तिचा हात थांबला. बाकीच्यांचं पाणी फिकट होतं, गवताच्या वाळल्या पात्यासारखं. चौदाचं पिवळं होतं. तूर शिजल्यावर वर जे पाणी येतं तसं, दाट पिवळं. तिनं ती नळी खिडकीशी नेली, उजेडात धरली, परत आणली. तासाभरानं एसजीपीटीचे आकडे आले तेव्हा सर तिच्या मागे येऊन उभे राहिले होते आणि त्यांना पडद्यावर फक्त आलेख दिसत होता. चौदा नंबर औषधाच्या गटातला होता, आणि सगळ्यात खाली होता. सर खूश झाले. म्हणाले, हा बघ, किती छान उतरलाय, याच्याच यकृताचा फोटो पेपरमध्ये टाकू.

उतरलाय. हा शब्द त्या खोलीत ती वर्षभर रोज ऐकत होती आणि आज तो कुणीतरी तिच्या नावानं हाक मारल्यासारखा ऐकू आला. चौथ्या दिवसाची ती दुपार. आयसीयूबाहेरचा पिवळ्या टाइल्सचा पट्टा, नानांच्या खिशातून अर्धा बाहेर आलेला अॅम्ब्युलन्सवाल्याचा नंबर. डॉक्टरांनी नानांना बाजूला घेऊन सांगितलं होतं की मुंबईला यकृताचं वेगळं युनिट आहे. न्यायचं तर आजच न्या, रस्त्यात धोका आहे, तिथेही खात्री कुणी देणार नाही, ठरवा तुम्ही. आई म्हणाली होती, नको, पुन्हा त्याला हायवेवर नको, रस्त्यात काही झालं तर. नाना आईचं ऐकत नव्हते. ते हर्षालीकडे वळले. त्यांचं धोतर गुडघ्यापाशी चुरगळलेलं होतं, तीन दिवस तेच. "तू सांग, हर्षू. तुला कळतंय यातलं. मला काय, मी कांद्यातला माणूस." आणि तिनं कागद उघडून दाखवला होता, बोट ठेवून. "नाना, आकडा उतरतोय. नऊशे दहावर आलाय. दोन दिवस थांबू." नानांनी खिशातला कागद आत सरकवला. सहाव्या दिवशी पहाटे अमोल गेला. आदल्या संध्याकाळी तो सगळ्यांना ओळखेनासा झाला होता, पण तिला बघून त्यानं मार्क विचारले होते. शब्द जड झाले होते, तरी विचारले होते. तिनं सांगितले, आणि तो ते ऐकून झोपला.

त्यानंतर नाना चांदवडच्या शेतावर गेले ते तिथेच राहिले. नाशिकच्या खोलीत आई आणि ती. नाना रोज संध्याकाळी साडेसातला फोन करतात, हर्षालीला, जेवली का विचारतात, काम कसं चाललंय विचारतात. आईला द्या म्हणत नाहीत. भाऊबंदांत, चुलत्यांत, येणाऱ्याजाणाऱ्यात त्यांनी एकच सांगितलेलं आहे की मी गाडी ठरवली होती, हर्षूच्या आईनं अडवलं. हे हर्षालीनं पहिल्यांदा ऐकलं दहाव्याला, रामकुंडावर, ओल्या फरशीवर उभं असताना. आई चार पावलांवर होती. आईनं खाली बघितलं आणि काही बोलली नाही. हर्षालीही बोलली नाही. त्या क्षणी तिला वाटलं होतं, नंतर सांगू, हे लोक गेल्यावर. मग लोक गेले. मग तेरावा झाला, परीक्षा आली, पुस्तकात एक दिवस तिला ते वाक्य सापडलं, अगदी साधं, समासाच्या चौकटीत छापलेलं, की बिलिरुबिन चढत असताना एसजीपीटी उतरत असेल तर ते सुधारणेचं लक्षण समजू नये. त्या पानाला तिनं पुढे कधी हात लावला नाही. दोन वर्षं ती एका खोलीत आईबरोबर जेवत होती, आणि आईच्या ताटात पडलेला दोष तिचा होता.

ती उठली. उरलेल्या निवळ पाण्यावर तिनं बिलिरुबिनची चाचणी लावली, सोळाही नळ्यांची, कुणी सांगितलं नसताना. बाकी पंधरा ठीक आल्या. चौदा नंबरची आठपट आली. तिनं कागद सरांच्या टेबलावर ठेवला. सरांनी आधी चष्म्यावरून बघितलं, म्हणाले, आपल्या मोजमापात हे नाहीये ना, एक उंदीर आहे, शेरा लिही आणि पुढे चल. तिचा आवाज तिला अपेक्षा नव्हती इतका साधा आला. "सर, फुटायला पेशीच उरल्या नाहीत तर एसजीपीटी येणार कुठून?"

सरांनी कागद हातात घेतला. दोन्ही आकडे पाहिले. मग चौदाव्या उंदराच्या यकृताची बशी मागवली. ते मऊ पडलेलं होतं, कडेला दाबलं तर बोटाचा ठसा तसाच राहत होता. "बरोबर आहे तुझं," ते म्हणाले. "हा औषधानं वाचलेला नाही. तसं लिही. आणि आतापासून दोन्ही मोजू." एवढंच. ते पुढच्या कामाला लागले. हर्षालीला वाटलं होतं ते वाद घालतील, निदान थोडे चिडतील. अर्ध्या मिनिटात झालं. तिनं वहीत तारीख घातली आणि लिहिलं, क्रमांक चौदा, आकडा कमी, नमुना पिवळा, यकृत निकामी. औषधाचा परिणाम धरू नये. मग ती प्राणिगृहामागच्या नळावर गेली, तोंडावर पाणी मारलं आणि भिंतीला पाठ लावून बराच वेळ उभी राहिली. या उंदरांना निदान शेजारी दुसरा गट होता. काही केलं नसतं तर काय झालं असतं, हे त्यांच्याकडे बघून कळत होतं. अमोल एकटाच होता. मुंबईला नेलेला अमोल कुठे नव्हता, ज्याच्याकडे बघून सांगता आलं असतं.

सिडकोतल्या घरी ती पोचली तेव्हा सात वाजत आले होते. आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून मेथी निवडत होती. हर्षाली तिच्यासमोर जमिनीवर बसली, पिशवी खांद्यावरच होती. आईनं विचारलं, पिन लावली नाहीस का आज, ओढणी मळलीय बघ. हर्षालीनं चौदा नंबरच्या उंदराचं सांगितलं. त्याचं पिवळं पाणी, त्याचा उतरलेला आकडा. आई निवडत राहिली. काड्या एका बाजूला, पानं एका बाजूला.

"अमोलचा आकडा बरा होत होता म्हणून उतरत नव्हता, आई. आत मरायला काही उरत नव्हतं म्हणून उतरत होता. खालच्या ओळीत लिहिलेलं होतं. मी ते वाचलं आणि सोडून दिलं. गाडी मी थांबवली. तू नाही."

"माहीत हाय मला," आई म्हणाली.

तिचा हात थांबला नव्हता. मग ती सांगायला लागली, भाजीकडेच बघत. दहाव्याच्या आदल्या दिवशी नाना परत दवाखान्यात गेले होते, कागद घेऊन, डॉक्टरांना विचारायला. डॉक्टरांनी सगळं नीट सांगितलं, कुणाला बोल न लावता, हेही म्हणाले की नेलं असतं तरी वाचलाच असता असं नाही. पण नानांना आकड्याचं कळलं. ते घरी आले, घर पाहुण्यांनी भरलेलं, म्हणून तिला जिन्यात बोलावलं. "म्हणले, पोरीला हे कळलं तर ही पण जायची आपल्या हातातून. आन ती शिकलेली हाय, आज ना उद्या कळणारच. मग मी म्हणले, लोकांना माझं नाव सांगा. मी तर म्हणलीच होते ना, रस्त्यावर नको म्हणून. ते काय खोटं नव्हतं." आईनं एक जून काडी बाजूला टाकली. "आधी नुसतं सांगायचे. कोणी आलं की सांगायचे. सांगून सांगून त्यांना खरंच तसं वाटाया लागलं."

हर्षालीला वाटलं होतं आपण कबुली देतोय; पण ती कबुली या घरात दोन वर्षांपासून, भांड्यांसारखी, आपल्या जागी ठेवलेली होती. तिनं विचारलं ते भलतंच. "मग माळ? ती का ठेवलीस? अजून राग आहे ना तुला, त्या दिवशीचा?"

आई उठली. गुडघ्यावर हात ठेवून, हळू. आतल्या खोलीत जाऊन तिनं कपाटाचं दार पूर्ण उघडलं आणि पहिल्या रेघेवर बोट ठेवलं, सगळ्यात वरच्या. "तू म्हणली होतीस, भिंतीवर टांगली तरी लांबल. त्या दुपारी तशीच घरी आले आन टांगली. रोज एक रेघ मारली, आठ दिवस. घरात माणसं रडायची, मी साडी घ्यायच्या निमित्तानं इथं यायचे." ती थांबली. "मला वाटायचं, नाय लांबली तर तुला इथं उभी करून दाखवायची. लय भांडायचं होतं तुझ्याशी." तिचं बोट रेघारेघांवरून खाली आलं, आठवीपाशी थांबलं, तिथून माळेचं टोक धरलं. "एवढी उतरली. कोणाच्याच गळ्यात नव्हती, तरी. तुझंच खरं होतं, बाई."

हर्षाली दाराशी उभी होती. हे ऐकायला आपण दोन वर्षं थांबलो होतो असं एखाद्याला वाटलं असतं, इतक्या मऊपणानं आई म्हणाली, आणि हर्षालीला तेवढंच सहन झालं नाही. ती पलंगाच्या कडेला बसली. माळेच्या काड्या आईच्या हाताच्या धक्क्यानं प्लायवूडवर हलके वाजत होत्या.

साडेसात झाले. फोन वाजला. नाना. मागे मोटारीचा आवाज होता, विहिरीवर असावेत. त्यांनी विचारलं, जेवली का. ती म्हणाली, नाही अजून. मग ती म्हणाली, "नाना, चौथ्या दिवशी आईनं नाही अडवलं. मी अडवलं. तुम्हाला ते माहीत होतं."

पलीकडे मोटार चालू राहिली. तिला वाटलं नाना ऐकू न आल्यासारखं करतील, किंवा म्हणतील, नाही, तिनंच. तिनं फोन कानाला घट्ट धरला. बऱ्याच वेळानं त्यांनी पुन्हा विचारलं, "जेवली का?" आणि हे आपण आत्ताच विचारलं होतं हे त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण ते थांबले. मोटार बंद झाल्याचा आवाज आला.

"तिला दे," नाना म्हणाले.

हर्षालीनं फोन पुढे केला. आईनं त्याच्याकडे बघितलं, हर्षालीकडे बघितलं, मेथीनं हिरवे झालेले हात पदराला पुसले, एकदा, दोनदा, आणि फोन घेऊन कानाला लावला. ती कपाटाच्या उघड्या दारापाशीच उभी राहिली. हर्षाली बाहेर आली, उंबऱ्यात बसली आणि आईनं अर्धवट टाकलेली जुडी पुढे ओढून निवडायला लागली. काड्या एका बाजूला, पानं एका बाजूला. जुडी संपली तेव्हा तिनं वळून बघितलं. आई तशीच उभी होती, फोन दोन्ही हातांनी धरून. दोघंही काही बोलत नव्हती, आणि फोन कुणी ठेवतही नव्हतं.